अलिबागहून आलोय!

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. यंदाच्या गणपतीत आमच्या घरी एक प्रसंग घडला. घरच्यांना तो ठाऊक आहे, कारण सगळे तिथेच होते आणि सगळे हसले होते. इतरांसाठी थोडक्यात सांगतो.

दुसऱ्या दिवशी रात्री आरती, जेवणं उरकून मंडळी ओटीवर बसलेली. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, डोंबिवलीला असतो, शिकलेला, चांगला नोकरीला आहे, तो माझ्याजवळ सरकला आणि फोन पुढे केला. "काका, हे बघा. उपग्रहाचा फोटो. उत्तर ध्रुवावर मधोमध काळं भोक आहे. आणि हा आताचा नकाशा बघा, ध्रुवाचा भागच कापलाय. आपल्या विहिरीवरचा पंपसुद्धा वरून दिसतो, मग ध्रुवच का दिसत नाही? काय लपवतायत?"

मी सुपारी कातरत होतो. फोनकडे न बघताच म्हणालो, "अरे, अलिबागहून आलायस का?"

हशा झाला. तोही हसला, पण फोन खिशात गेला. गौरी जाईपर्यंत राहणार होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने पनवेलला निघून गेला. ऑफिसचं काम निघालं म्हणे.

बाहेरच्या वाचकांसाठी खुलासा: 'अलिबागहून आलायस का' म्हणजे 'वेडा समजतोस का, काही कळत नाही का' अशा अर्थाने अख्खा महाराष्ट्र बोलतो. आम्ही अलिबागकर ते ऐकून घेतो. 2019 मध्ये आमच्याकडच्या एका गृहस्थांनी या वाक्यावर बंदी घाला म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही केली होती. न्यायालयाने ती फेटाळली. ज्या वाक्यावर मी आयुष्यभर कुरकुरत आलो तेच मी माझ्या पुतण्याला, तेही अलिबागेत, चारचौघांत ऐकवलं. सौ. रात्री म्हणाली, "त्याने विचारलं ते तुम्ही बघितलंत तरी का?" बघितलं नव्हतं.

आणि असं पहिल्यांदा घडलं नव्हतं. पस्तीस वर्षं मी इतिहास-भूगोल शिकवला. आठवीच्या वर्गात जगाचा नकाशा टांगलेला असायचा. एकदा कोळीवाड्यातल्या एका मुलाने विचारलं, "सर, उत्तर ध्रुव म्हणजे एक ठिपका ना? मग नकाशात वरची अख्खी रेघ ध्रुव कशी?" मी त्याला खाली बस म्हणालो. प्रश्न इतका बरोबर होता की मला त्याचं उत्तर देता येत नव्हतं. तेव्हा आता दोन्ही प्रश्नांची उत्तरं शोधून लिहितोय. उशीर झालाय, पण मास्तर निवृत्त झाला तरी तपासायच्या वह्या संपत नाहीत.

आधी त्या काळ्या भोकाचं. फोटो खरा आहे. अमेरिकेच्या एस्सा-7 या हवामान उपग्रहाचा, तारीख 23 नोव्हेंबर 1968. फक्त तो एका वेळी टिपलेला एक फोटो नाही. दिवसभरात उपग्रह पृथ्वीभोवती फेऱ्या मारत राहिला आणि प्रत्येक फेरीतले तुकडे गोधडीसारखे जोडून ते चित्र झालं. कॅमेरा साधा, उजेड असेल तेवढंच टिपणारा. नोव्हेंबरच्या त्या दिवशी साधारण 70 अंशांच्या उत्तरेला सूर्य उगवतच नव्हता. जिथे चोवीस तासांत उजेडच नाही, तिथले सगळे तुकडे काळे. जोडल्यावर मधोमध काळी गोल थाळी.

त्या थाळीत नॉर्वेचं हामरफेस्ट नावाचं गाव येतं. आपल्या कोळीवाड्यांसारखंच मासेमारीवर जगत आलेलं गाव. तिथली माणसं त्या दिवशी दिवे लावून आपापल्या कामाला गेली असणार, आणि वरून दिसत होतं ते भोक!

याहून गंमतीची गोष्ट मला आता या वयात कळली. वॉली हर्बर्ट हा इंग्रज आणि त्याचे तीन सोबती फेब्रुवारी 1968 मध्ये अलास्काहून कुत्र्यांच्या गाड्या घेऊन गोठलेल्या समुद्रावर निघाले होते. हिवाळा लागला तेव्हा त्यांनी वाहत्या बर्फावरच मुक्काम ठोकला, आणि पुढे 6 एप्रिल 1969 ला ते ध्रुवावर पोचले. म्हणजे 23 नोव्हेंबरला, ज्या दिवशी तो फोटो निघाला, त्या दिवशी चार माणसं आणि त्यांची कुत्री त्या 'भोकात' राहत होती. पुतण्याला हे आधी सांगायला हवं होतं. सुपारी नंतरही कातरता आली असती.

1970 साली रे पामर नावाच्या अमेरिकन संपादकाने उडत्या तबकड्यांच्या आपल्या मासिकात तो फोटो छापला आणि म्हटलं, हे बघा पृथ्वीच्या पोटात जायचं दार. पण पोकळ पृथ्वीची कल्पना त्याची नव्हे. ती एका थोर शास्त्रज्ञाची. एडमंड हॅले, ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे तोच. होकायंत्राची सुई नेमकी उत्तरेला नसते, थोडी कललेली असते, आणि तो कल वर्षागणिक बदलतो, हे खलाशांना माहीत होतं. का बदलतो? 1692 मध्ये हॅलेने तर्क केला की पृथ्वीच्या आत आणखी कवचं आहेत, ती वेगळ्या गतीने फिरतात, त्यांचं चुंबकत्व सुईला ओढतं. तर्क चुकला. पण त्याच्यासमोर मोजलेले आकडे होते, आणि त्या आकड्यांना उत्तर हवं म्हणून तो आत शिरला होता. 1818 मध्ये सिम्स नावाच्या अमेरिकन कॅप्टनने त्याच कल्पनेला ध्रुवांवर मोठाली भोकं पाडली. सिम्सपाशी आकडे नव्हते, नुसता उत्साह होता.

त्या काळी हे खपत होतं, कारण नकाशावर ध्रुव कोराच होता आणि कोऱ्या जागेवर कुणालाही काहीही मांडता येतं. बॉस्टन विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम वॉरन यांनी 1885 मध्ये मानवाचा मूळ स्वर्ग तिथे नेऊन ठेवला. आणि आपण मराठी माणसांनी हसू नये, कारण आपले लोकमान्यही तिथे गेलेच! 1903 मध्ये त्यांचा 'द आर्क्टिक होम इन द वेदाज्' हा इंग्रजी ग्रंथ निघाला. उषेची ऋग्वेदातली वर्णनं एवढ्या लांब पहाटेची का आहेत, सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र हे पूर्वजांना कुठून कळलं, असं विचारत ते वैदिक लोकांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडे नेतात. आमच्या वडलांना तो ग्रंथ म्हणजे शेवटचा शब्द वाटे. आजचे अभ्यासक तो निष्कर्ष मानत नाहीत, मलाही आता पटत नाही. पण ग्रंथ जेव्हा जेव्हा उघडला तेव्हा एक गोष्ट आवडली. टिळक 'काहीतरी लपवलंय' म्हणत नाहीत. आपला पुरावा प्रकरणागणिक उघडा मांडून ठेवतात, की ज्याला खोडायचा त्याने खोडावा. पुढे तो खोडला गेला तो त्यामुळेच. टिळक लिहीत होते तेव्हा ध्रुवावर कुणी पोचलंही नव्हतं. (पिअरीने 1909 मध्ये पोचल्याचा दावा केला, त्याच्याबद्दल आजही वाद आहेत.)

आता मुलाचा प्रश्न, नकाशाची वरची रेघ. गोल पृथ्वी चौकोनी कागदावर पसरायची मर्केटरची रीत अशी, की वर जावं तसतसं सगळं ताणत जातं. ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतील, आणि ग्रीनलंड आपल्या भारताहूनही लहान आहे. ध्रुवाच्या ठिपक्यापर्यंत जायचं तर कागद अनंत लांब लागेल. म्हणून कुठेतरी कात्री लावावीच लागते. फोनवरचे नकाशे याच रीतीचे, आणि चित्र बरोबर चौरस व्हावं म्हणून त्यांची कात्री 85 अंशांच्या जरा पुढे लागते. पुतण्याने दाखवलेला 'कापलेला' भाग तो हाच. मी हे त्या मुलाला एका नारळावर आणि एका कागदावर दाखवू शकलो असतो.

मग उपग्रहांना तरी ध्रुव नीट का दिसू नये? पृथ्वीचे फोटो काढणारे बरेचसे उपग्रह ध्रुवांजवळून जातात, पण थेट डोक्यावरून जात नाहीत. लोकरीचा गुंडा करताना धागा जरासा तिरका फिरवावा लागतो, तसे ते तिरके फिरतात. गुंड्याच्या टोकाला मग एक बारीक मोकळी जागा उरते. हा तिरकेपणा मुद्दामचा आहे. पृथ्वी विषुववृत्ताशी थोडी फुगीर असल्यामुळे तिरक्या कक्षेचं पातळ हळूहळू वळत राहतं, आणि तिरकेपणा बरोबर साधला तर ते सूर्याच्या बरोबरीनं वळतं. त्यामुळे एखाद्या गावावरून उपग्रह दर वेळी घड्याळाच्या जवळपास त्याच वेळेला जातो आणि आजचा फोटो गेल्या महिन्याच्या फोटोशी ताडता येतो. विहिरीवरचा पंप स्वच्छ दिसावा म्हणून आपणच ध्रुव सोडून दिलाय, असं म्हणा ना!

लँडसॅट उपग्रहांची नजर 82 अंशांच्या जरा पुढे संपते. 2007 मध्ये त्यांच्या जवळपास 1100 चित्रांतून अंटार्क्टिकाचा मोठा नकाशा जुळवला, तेव्हा मधली मोकळी जागा रुंद पट्टा बघणाऱ्या दुसऱ्या उपग्रहांच्या कमी तपशिलाच्या चित्रांनी भरली. तसं जाहीर करून भरली. आपल्या इस्रोने नासाबरोबर जुलै 2025 मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार तर कायम आपल्या डाव्या अंगालाच बघतो. त्याने दक्षिण ध्रुवाकडचं बर्फ चांगलं दिसतं, आणि उत्तर ध्रुवाभोवतीचा भाग बाहेर राहतो. दोन्ही हातांत लाडू नाहीत.

मला सगळ्यात भावलं ते समुद्रातल्या बर्फाचं मोजमाप. 1978 पासून उपग्रह आर्क्टिकचं बर्फ मोजतायत, अंधारातही, कारण तिथे उजेडाऐवजी सूक्ष्मलहरी पकडतात. त्या नोंदींत उत्तर ध्रुवावर एक गोल भोक आहे आणि त्याला ते स्वतःच 'ध्रुवाचं भोक' म्हणतात. किती मोठं? सुरुवातीच्या यंत्राचं भोक सुमारे 11 लाख 90 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ चार महाराष्ट्र. 1987 पासूनच्या यंत्राचं सुमारे 3 लाख 10 हजार, म्हणजे एक महाराष्ट्र. 2008 पासूनच्या यंत्राचं सुमारे 29 हजार, म्हणजे आपले चार रायगड जिल्हे. आकडेवारीसोबतच हे छापलेलं असतं, कुठल्या वर्षापासून कुठलं भोक धरायचं त्याच्यासकट. आमच्या सोसायटीच्या हिशेबतपासनिसाने कधी इतकं लिहिलेलं मी बघितलं नाही.

इथपर्यंत वाचून पुतण्या म्हणेल, काका, म्हणजे कुणी कधी काही लपवतच नाही का?

लपवतात ना. त्याचा संशय आकाशातून पडलेला नाही, तो याच किनाऱ्यावर वाढलाय. मी नोकरीत असताना अलिबाग तालुक्याचा सर्वेक्षण खात्याचा तपशीलवार नकाशा वर्गासाठी हवा म्हणून एका कचेरीत तीन खेपा घातल्या. आपण ज्या किनाऱ्यावर राहतो त्याचा नकाशा आपल्याला मिळत नाही, हे तिथे कळलं. सीमेलगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या साधारण 80 किलोमीटर पट्ट्याचे नकाशे बंदिस्त असत. मुलांना मी शेवटी परक्या मुलखाच्या नकाशावर समोच्च रेषा शिकवल्या, आणि आमचा कनकेश्वराचा डोंगर खिडकीतून दिसत राहिला. 2005 मध्ये गूगल अर्थ आलं आणि जे कचेरीत मिळेना ते घरबसल्या दिसायला लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्रपती कलामांनी त्याबद्दल जाहीर काळजी व्यक्त केली. काळजी खोटी नव्हती. 1993 मध्ये श्रीवर्धनजवळ शेखाडीला उतरलेलं आरडीएक्स आम्ही किनारेवाले विसरलेलो नाही. त्याच 2005 मध्ये लोकांसाठीचे नकाशे आणि संरक्षणाचे नकाशे असे दोन वेगळे संच करायचं धोरण आलं, आणि 2021 मध्ये बंधनं बरीच सैल झाली. पण चाळीस-पन्नास वर्षं 'विचारू नका' ऐकलेल्या माणसाच्या पोराने कोरी जागा बघून 'काय लपवतायत' विचारलं, तर त्याला वेड्यात काढायचा हक्क मला कुठून मिळाला? त्या कचेरीने कोऱ्या जागेचं कारण सांगितलं नव्हतं. बर्फ मोजणारे भोकाचं मापसुद्धा छापतात. मला फरक दिसतो तो एवढाच.

उपग्रहावर आंधळा विश्वास ठेवावा असंही नाही. मे 1985 मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन या तिघा इंग्रजांनी अंटार्क्टिकावरचा ओझोन वसंत ऋतूत भयंकर घटत असल्याचं जाहीर केलं. कशाच्या जोरावर? जमिनीवरच्या, हाताने चालवायच्या जुन्या डॉब्सन यंत्राच्या जोरावर. वरून नासाचा निंबस-7 तेच बघत होता, पण 180 एककांखालचे आकडे त्यांच्या संगणकाने 'संशयास्पद' म्हणून बाजूला काढून ठेवले होते. ते आकडे फेकून दिले होते असं लोक सांगतात, तसं नव्हे. खुणा करून ठेवलेले होते, म्हणून नंतर तपासता आले आणि जमिनीवरचं मोजमाप खरं ठरलं. अन् त्या तिघांच्या ठाण्याचं नाव काय? हॅले! पोकळ पृथ्वीवाल्या त्याच हॅलेचं.

हॅलेची ती कललेली सुई आमच्या गावात रोज मोजली जाते, हे किती अलिबागकरांना ठाऊक आहे? समुद्राच्या अंगाला चुंबकीय वेधशाळा आहे, आपण तिच्यावरून भेळ खायला जातो. मुंबईच्या कुलाब्याला 1841 पासून या नोंदी चालत. मग मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या ठरल्या. त्यांचे प्रवाह सुईला भ्रमिष्ट करणार हे ओळखून वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी नवी जागा शोधली, ती अलिबाग. 1904 मध्ये इथलं काम सुरू झालं. इमारत पोरबंदरी दगडाची, लोखंड वर्ज्य. (मुंबईच्या कुलाब्याहून निघून कुलाबा जिल्ह्यात! आपला जिल्हा 'रायगड' झाला तो 1981 मध्ये.)

ट्राम 1907 मध्ये धावली. त्याआधी दोन वर्षं मूस यांनी कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या, दोन्ही एकमेकांशी ताडून घेतल्या आणि मगच कुलाब्याचं काम थांबवलं. का? तर मधे खंड पडू नये. खंड पडला की पुढे कुणीतरी विचारणार, मधल्या दिवसांत काय झालं, काय लपवलंत?

ही चिकाटी किती उपयोगी पडावी! 1 आणि 2 सप्टेंबर 1859 ला सूर्यावरून आलेलं जबरदस्त चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. जगात अनेक ठिकाणच्या नोंदी पट्टीबाहेर गेल्या. आपल्या कुलाब्यात मात्र माणसं दुर्बिणीतून सुई वाचून आकडे वहीत उतरवत बसली होती, एरवी तासातासाने आणि वादळ चढल्यावर काही मिनिटांच्या अंतराने. बाहेर काय उत्पात चाललाय याची कल्पना नसताना त्यांनी सुमारे 1600 नॅनोटेस्लांची घसरण टिपली. 2003 मध्ये त्सुरुतानी, लाखिना, शोभा अ‍ॅलेक्स वगैरे शास्त्रज्ञांनी त्याच वह्यांवरून त्या वादळाचं माप काढलं. आता हे काम भारतीय भूचुंबकत्व संस्था बघते. तिचं मुख्यालय आपल्याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला. अंटार्क्टिकावर आपल्या मैत्री ठाण्यातही तिची यंत्रं सुई वाचतात. म्हणजे ज्या ध्रुवाकडे कुणी फिरकत नाही, काहीतरी दडवलंय असं पोराला वाटतं, तिकडे पनवेलची माणसं नोकरीला जातात.

असो. हे सगळं परवा मी पुतण्याला फोनवर सांगितलं, आणि आधी माफी मागितली. चुलत्याने पुतण्याची माफी मागायची आपल्याकडे पद्धत नाही, त्यामुळे दोघेही थोडे अवघडलो. मग मी वाचत गेलो, तो ऐकत गेला. शेवटी म्हणाला, "काका, त्या चार रायगडांच्या भोकात बर्फ आहे असं धरूनच बेरीज करतात ना? ते कशावरून?"

म्हटलं, शाब्बास. भोकाच्या कडेकडेने बर्फच दिसतं म्हणून आत ते धरतात, आणि रुंद पट्ट्याचे दुसरे उपग्रह थेट ध्रुवापर्यंत बघतात, त्यांच्याशी ताडता येतं. तो म्हणाला, "मग ताडलेलं कुठे ठेवलंय, तेही दाखवा." आता तो शोध चालू आहे, चष्म्याचा नंबर पुन्हा वाढलाय.

दिवाळीत येतोय. मांडव्याला त्याला घ्यायला जाणार आहे आणि घरी नेताना वेधशाळेच्या रस्त्याने नेणार आहे. सौ. म्हणते, आधी घरी आणा, त्याला जेवू दे, मग काय ती सुई दाखवा.